अंगठ्याखालचे ठोके

सत्तेचाळिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला का आलीस, असं जो तो विचारतो. वर्गातल्या पोरींना मी सांगते, नवऱ्याच्या घोरण्यातून सुटका म्हणून! त्या खिदळतात. मला मावशी म्हणतात. तुम्हाला म्हणून खरं सांगते.

आई गेली तेव्हा तिचं मनगट माझ्या हातात होतं. डॉक्टर म्हणाले, "गेल्या त्या." मी म्हटलं, "छे हो! ठोके लागताहेत की." त्यांनी माझा अंगठा हळूच बाजूला केला. "ताई, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुमचीच लागतेय ती." तासाभरात आईला नेलं. पण मनाला चुटपुट लागली ती लागलीच. खरंच माझीच होती का? तेवढं कळावं म्हणून आले, बाकी काही नाही.

परवा दुपारी जेवणं उरकून वॉर्ड पेंगत होता. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा बाराला गेले होते. डॉक्टर तपासून, सही करून गेले, आणि सिस्टरांनी मला त्यांचं अंग पुसायला पाठवलं. पडद्याआड फिनेलचा वास कोंडला होता. कुठेतरी नळ ठिबकत होता.

पुसता पुसता त्यांचा हात हातात आला. गार. शिकवलंय तशी तीन बोटं ठेवली, मिनिटभर. काही नाही. मग काय बुद्धी झाली कोण जाणे, अंगठा ठेवला.

ठक्…

"वेडाबाई, तुझीच आहे," मी स्वतःला दटावलं आणि दुसरा हात माझ्याच गळ्याला लावला. तिथे नुसती धडधड, मोजता येईना इतकी. अंगठ्याखाली मात्र सावकाश. एक… बऱ्याच वेळाने दुसरा…

अंगठा तसाच ठेवून मी हाक मारली. "सिस्टर… जरा येता?"

त्यांनी बोटं लावली. छातीला स्टेथोस्कोपही लावला. "काही नाही गं. अंगठा लावलास ना? पहिल्या वर्षाला सगळ्याच फसतात."

"पण… जुळत नाहीयेत."

"काय जुळत नाही?"

मी नुसतं माझ्या गळ्याकडे बोट केलं. त्यांनी चादर तोंडावर ओढली. माझा हात अजून आतच होता, आणि अंगठ्याखाली तिसरा ठोका पडला.

आईच्या वेळी मी दुसरा हात गळ्याला लावून बघितलाच नव्हता हो. डॉक्टर म्हणाले, आणि मी तिचा हात सोडून दिला.