मौनलेप

नाशिकच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी गवाणकर यांनी गिलाव्याचा तुकडा कंपनमापकावर ठेवला आणि यंत्र सुरू केलं. आधी भांडी आपटल्याचा आवाज आला. मग एका बाईचा: "नका हो! उद्या भात मऊ करीन!"

"हेच ते भूत," शर्वाणी म्हणाल्या. "शांतिबन वसाहतीतल्या बेलसऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं. कुकरची शिट्टी झाली की बोलतं. घरात तान्हं बाळ आहे; आईनं तिकडे पाऊल टाकणंच सोडलंय."

शेजारी उभे असलेले प्राध्यापक काझी स्फटिकांचे जाणकार. त्यांनी तुकडा उजेडात धरला. "हा मौनलेप. पूर्वी अख्ख्या शहरानं भिंतींना लावून घेतला, या घरचा आवाज त्या घरात जाऊ नये म्हणून. मोठ्या आवाजानं यातले स्फटिक वाकतात आणि तसेच राहतात. आवाज विरतो असं आपण समजलो. तो साठत होता."

"आणि भिंत भरली की?"

"भरल्या घड्यात पाणी ओतल्यावर काय होतं? नवा आवाज आत शिरतो, जुना बाहेर पडतो."

"पण बेलसऱ्यांच्या आधी तिथे नवरा-बायको दोघंच राहायचे. मूल नाही, गाणंबजावणं नाही. मग भिंत एवढी भरली कशानं?"

तेवढ्यात यंत्रातून पुरुषाचा शांत आवाज आला, "कुमुद, दार लाव."

त्या नावावरून शर्वाणींनी शोध घेतला. कुमुदिनी सातपुते जिवंत होत्या. मुख्याध्यापक नवरा वारल्यावर सिन्नरला भाचीकडे राहत होत्या. शर्वाणींनी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "भिंत पुसायची आहे. त्याआधी तुम्हाला ऐकायचं आहे का?"

त्या आल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी स्वतःचा तरुणपणचा आवाज ऐकला. डोळ्यांत पाणी आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे तेव्हा पलीकडे ऐकूच जात नव्हतं?"

"नाही. लेप त्यासाठीच होता."

"मी मुद्दाम मोठ्यानं ओरडायचे हो. शेजारच्या इंदुमतीला ऐकू जावं म्हणून. सकाळी ती हसून 'झाला का चहा?' विचारायची. वाटायचं, सगळं ऐकते आणि वर हसते. जन्मभर तिचं तोंड पाहिलं नाही मी." त्यांनी पदर सावरला. "ती आहे का अजून? तिला बोलवता?"

इंदुमतीबाई काठी टेकत आल्या. कुकरची शिट्टी झाली आणि भिंत बोलली. दुसऱ्या वाक्यालाच त्या कुमुदिनीबाईंकडे वळल्या.

"कुमुद, मला खरंच नाही गं ऐकू आलं."

"कळलं आता," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. मग शर्वाणींकडे वळून म्हणाल्या, "पुसून टाका. बाळ घाबरतं."

शर्वाणींनी तापकयंत्र भिंतीवरून फिरवलं. उष्णतेनं स्फटिक पुन्हा सरळ झाले. पुन्हा शिट्टी वाजली, तेव्हा ती फक्त शिट्टीच होती.

ही बातमी वर्तमानपत्रात आली. त्या सकाळी काझी शर्वाणींच्या टेबलापाशी येऊन थांबले.

"शर्वाणी, त्या घराचा लेप काही वेगळा नव्हता. ती भिंत आधी भरली, एवढंच. बाकीच्याही भरत आल्या असतील."

फोन वाजला. पलीकडून एक सुसंस्कृत, मृदू आवाज आला, "डॉक्टर गवाणकर ना? आमच्याकडची भिंतही पुसून हवी होती. जरा तातडीनं."

"काय ऐकू येतं तिच्यातून?" शर्वाणींनी विचारलं.

"छे, अजून काहीच नाही," तो गृहस्थ म्हणाला. "ऐकू यायच्या आत पुसायची आहे."

शर्वाणींनी उत्तर देण्याआधीच बाजूचा दुसरा फोन वाजू लागला. मग तिसरा.