शिवलेली पत्रं

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी त्या खोलीत होते, एवढंच सांगते.

ऑगस्टमधला मंगळवार. दुपारचे साडेचार. आमच्या जिल्हा ग्रंथालयाचा पहिला मजला.

तिथे एक लांबट खोली आहे. जिल्ह्यातून युद्धावर गेलेल्या सैनिकांची पत्रं, फोटो, पदकं आम्ही तिथे जमवतो. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवतो. काम करणाऱ्या आम्ही दोघीच. मी आणि बाई. बाई म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका.

खरं सांगू? बाईंवर मी जळायचे.

मी उन्हातान्हात फिरून चार फोटो आणायचे. बाई कुणाकडे तरी चहाला जायच्या आणि अख्खी ट्रंक घेऊन यायच्या. त्या महिन्यात पेपरात त्यांचा फोटो आला. त्यात कडेला माझं कोपर दिसत होतं.

म्हणून मी आत्याकडे गेले.

आत्याचं लग्न आधी एका सैनिकाशी ठरलं होतं. तो युद्धावर गेला. सात पत्रं आली. मग तार आली.

दोन वर्षांनी आत्याने त्याच्याच धाकट्या भावाशी लग्न केलं. तेच माझे आतोबा. पेशाने शिंपी. एक पाय अधू, म्हणून सैन्यात घेतलं नाही. भावाचा फोटो त्यांनी घरात कधी लावू दिला नाही. "भिंतीला ओल आहे," म्हणायचे.

चाळीस वर्षं ओल होती.

"पत्रं दे ना," मी आत्याला म्हटलं.

"नको गं. ह्यांना आवडायचं नाही."

"आतोबांना जाऊन चार वर्षं झाली, आत्या."

"म्हणून काय झालं?"

अगदी सहज म्हणाली. पण मी पिच्छा सोडला नाही. शेवटी तिने पत्रं काढली आणि एक वाचून दाखवलं. वाचता वाचता लाजली. सत्तरीची बाई, विशीतली दिसायला लागली.

तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी पडलं...

आतोबांची कात्री. टेबलाच्या मधोमध असायची, ती जमिनीवर होती.

आत्याने ती उचलून जागेवर ठेवली. मग सातही पत्रं माझ्या हातात दिली.

मंगळवारी ग्रंथालय बंद असतं. बाईही नव्हत्या. मला तेच हवं होतं. सातही पत्रं उघडून मी काचेच्या पेटीत मांडली. सैनिकाच्या नावाची पाटी लावली. पेटीला कुलूप घातलं.

आणि आवाज आला...

खट्... खटखट्... खट्...

शिलाई मशीनचं पायडल. पण तालात नाही. एका पायाचा जोर पुरा, दुसऱ्याचा अर्धा.

आमच्या इमारतीत मशीन नाही.

मी शेजारच्या खोलीत गेले. रिकामी. आवाज आता मागून येत होता. मी जिथून आले होते, तिथून.

धावत परतले. आवाज थांबला.

पेटीला कुलूप तसंच होतं.

आत पत्रं मिटलेली होती. सातही.

चारही बाजूंनी शिवलेली... पांढऱ्या दोऱ्याने. बारीक, एकसारखी टीप.

माझ्या मनात पहिल्यांदा कोण आलं असेल? बाई. लगेच फोन लावला.

"हे तुमचं काम आहे का?"

"कसलं काम? मी लेकीकडे आलेय, तीन तास लांब. काय झालं?"

मी फोन ठेवला. पत्रं घेतली आणि थेट आत्याचं घर गाठलं.

तिने टिपेवरून बोट फिरवलं. "हात ह्यांचाच. शेवटी दोन टाके मागे घेतात."

'घेतात' म्हणाली. 'घ्यायचे' नाही.

"ह्यांच्या मोठ्या भावाची पाटी लिहिलीस ना तू?"

"हो."

"आणि ह्यांची?"

ती मी लिहिलीच नव्हती.

"त्या पायाने सैनिकांचे दोन हजार गणवेश शिवले या माणसाने. तुमच्या खोलीत आहे का कुठे त्याची नोंद?"

मी रेकॉर्डर काढला. आत्या तासभर बोलली. आतोबा प्रत्येक कॉलरच्या आत त्या-त्या सैनिकाचं नाव दोऱ्याने काढायचे. जो पडेल तो बेवारस राहू नये म्हणून. भावाचा गणवेशही त्यांनीच शिवला होता.

"नंतर एकदा म्हणाले, त्याच्या जागी मी मेलो असतो, तर माझीही पत्रं अशीच जपली असतीस."

घर शांत होतं. तिथेच थांबायला हवं होतं मी.

पण अशी मुलाखत बाईंना जन्मात मिळाली नसती. मला आणखी हवं होतं.

"आत्या, दोघांपैकी जास्त कोण आवडायचं तुला?"

ती हसली. बोलायला गेली...

तोंड उघडेना.

ओठ घट्ट मिटलेले. नाकाने जोरजोरात श्वास. तिने माझं मनगट आवळलं. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

मी वळले नाही.

रेकॉर्डर बंद केला. "प्रश्न मागे घेते," म्हटलं. ते आत्याला उद्देशून नव्हतं.

कितीतरी वेळ गेला...

मग तिचे ओठ सुटले. तिने पाणी मागितलं. पेला धरताना दिसलं. खालच्या ओठावर लाल ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

आता आमच्या खोलीत आतोबांची पाटी भावाच्या शेजारी आहे. पत्रं शिवलेलीच ठेवली आहेत. आत्या हवापाण्याचं बोलते, माझ्या कामाचं विचारते. त्या दोघांचं नाव काढत नाही.

परवा बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाल्या, "शेवटचं उत्तर राहिलंय की. मी जाऊन विचारू? माझ्याशी बोलतील त्या."

माझ्याशी बोलतील त्या. हे ऐकून मी पुन्हा जळले. वाटलं, जा. विचारा. कळू दे तुम्हालाही.

मी "नको" म्हणाले.

पण ते म्हणायला मला फार वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात, माझ्या अगदी मागे, कुणीतरी सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास रोखून धरला होता...