तपासले, योग्य आहे

कंपनीत मला सहीपुरतं ठेवलेलं होतं. क्रांती चौकात दुसऱ्या मजल्यावर आम्ही वेबसाइट बनवतो. साइट अंधांनाही वापरता येते, असं गिऱ्हाइकाला लिहून द्यावं लागतं. 'तपासले, योग्य आहे' या ओळीखाली एका जन्मांध बाईचं नाव आणि नंबर असला की कुणी शंका काढत नाही. ती बाई मी.

साइटवरचा मजकूर मी हेडफोनवर ऐकते. चित्र आलं की त्याला जोडून लिहिलेलं वर्णन कॉम्प्युटर वाचतो. आमचे मालक सुदर्शन सर प्रत्येक चित्राला एकच वर्णन लिहायचे: 'छायाचित्र'. रकाना भरलेला असला की तपासणीत शंभरपैकी शंभर. मी भांडायचे, ते "नंतर बघू" म्हणायचे आणि मी सही करायचे. त्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो.

शुक्रवारी साडेचारला बजाजनगरहून कडूबा नावाच्या माणसाचा फोन आला. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना त्याचे डोळे गेले होते. अपंगांना कामावर घेणाऱ्या एका संस्थेच्या अर्जाची मुदत त्या दिवशी पाचपर्यंत होती. साइट आम्हीच बनवलेली. शेवटी एक चित्र होतं, त्यातली वेडीवाकडी अक्षरं लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. त्याला तिथं नुसतं 'छायाचित्र' ऐकू यायचं. बायको शिफ्टला गेलेली. सकाळपासून तो एकटा तेच करत बसला होता.

"खाली तुमचं नाव हाय ताई," तो म्हणाला. "म्हून तुम्हालाच इचारतो. दोन वर्सं झाली घरात बसून. एवढं काम लागलं तर लई बरं व्हईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीची मंडळी गिऱ्हाइकाकडे गेलेली, ऑफिसात आम्ही दोघंच. फोन स्पीकरवर टाकला, त्याला विचारत विचारत त्याचा अर्ज माझ्या कॉम्प्युटरवर भरला आणि सरांना बोलावलं. तुम्हीच करून ठेवलंय, निदान आता अक्षरं तरी वाचा, असं सरळ सुनावलं. ते कुरकुरत आले.

"अक्षरं नाहीत इथं," ते म्हणाले. "छायाचित्र असं लिहिलंय."

यात नवल नाही. नेटवरून चित्र उतरलं नाही की त्या जागी वर्णन दिसतं. मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. साइटवरच्या सगळ्याच चित्रांचं तेच झालंय, सर म्हणाले. नेट तपासलं, नेट चालू होतं.

मग त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. पडद्यावर त्यांच्या मुलीचा, अपेक्षाचा फोटो असायचा. तिच्या जागीही तोच शब्द आहे, म्हणाले. फोन बिघडला असेल, मी म्हटलं.

चार पंचावन्न झाले होते.

सरांची खुर्ची करकरली. भिंतीवर गणपतीची तसबीर आहे, तिच्याकडे ते वळले असावेत. 

"तिथं पण," ते म्हणाले.

तसबीर कागदाची असते. तिला बिघडायला काही नसतं.

मी त्यांना खिडकीबाहेर बघायला सांगितलं. चौकात रिक्षांचे हॉर्न नेहमीसारखे वाजत होते.

"खिडकीत पण तेच लिहिलंय."

त्यांचा श्वास वाढला होता.

"ज्ञानेश्वरी, तू कुठं आहेस?"

मी हातभर अंतरावर होते.  माझं सगळं लक्ष हेडफोनकडे होतं.

'मुदत संपली आहे,' कॉम्प्युटर म्हणाला.

एका माणसाचं सगळं आयुष्य त्या अर्जावर होतं. मी तसं मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज फाटला.

सर उठले, खुर्ची उलटली. ते जागच्या जागी हात फिरवत होते, बाह्यांची सळसळ ऐकू येत होती.

"ताई," फोनवरून कडूबा शांतपणे म्हणाला, "सायबाला म्हणावं, घाबरू नका. भित उजव्या हाताला हाय. दोन पावलं."

कडूबा आमच्या ऑफिसात कधीही आलेला नव्हता.

दोन पावलं वाजली. मग माझ्यासमोर, भिंतीवर तळवा टेकल्याचा आवाज आला.