सतरा रागीट

सरका जरा. बल्बच्या इतक्या जवळ बसू नका, पाखरं कानात शिरतील. आणि तू गं चष्मेवाली, ती वही मिट. अजून तासभर चादरीवर काही यायचं नाही. थंडीत उशिराच येतात मेली, झोपाळू. तोवर मी एक सांगते. घडलेली.

हसू नका. मी चेष्टेखोर आहे, कबूल. मंडळाच्या खजिनदाराच्या डब्यात रबरी पाल मीच ठेवली होती, तेही कबूल. पण आजची गोष्ट माझी चेष्टा नाही. तेच तर सांगायचंय.

गेल्या वर्षीची. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. आपल्या निसर्गमंडळाची, दिव्यावर येणारे पतंग मोजायची ठरलेली रात्र. सर घरून नऊला निघाले. बॅटरी, बल्ब, वही, आणि मी धुऊन इस्त्री करून दिलेली ही चादर. हो, हीच. काम साधं. या टेकडीवर यायचं, दोन काठ्या रोवायच्या, चादर ताणायची, मागे बल्ब लावायचा, बसायचं आणि मोजायचं.

कोण सर? आपलेच, निवृत्त मास्तर. वही त्यांच्या ताब्यात. कुणी काय पाहिलं, किती पाहिलं, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. मी त्यांना शून्यसर म्हणते. तोंडावरसुद्धा.

आता टेलरबाईचं ऐका. ती माझी मैत्रीण. माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोर तिचं मशीन. पडदे शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची. बुटकी, डावखुरी, डावा खांदा उतरलेला. मी चौथीपर्यंत शिकलेली, ती दुसरी. म्हणजे आमच्यात विद्वान मी. तिला पाखरांचं वेड कुठून लागलं देव जाणे. मशीनच्या दिव्यावर आलेली टिपून डबीत ठेवायची, बघायची, सोडून द्यायची. मग मंडळात आली. लिहिता येईना, म्हणून तिनं आपली रीत काढली. एका जातीला एका रंगाचा दोरा. एक पतंग दिसला की एक गाठ. गाठी सगळ्या डाव्या हाताच्या, उलट्या पिळाच्या. मला कधी त्या सुटल्या नाहीत. मी म्हणायची, "अगं, तुझी गाठ म्हणजे तुझा स्वभाव." ती म्हणायची, "मग ओढू नकोस."

त्यातला लाल दोरा एकाच पतंगाचा. राखाडी असतो, पंख मिटले की दगड. हात जवळ नेला की पंख फाडकन उघडतो आणि आतून दोन लाल डोळे वटारतो. पुस्तकात त्याचं काहीतरी लांबलचक नाव आहे. ती त्याला 'रागीट' म्हणायची. तो फक्त या टेकडीवर. दुसरीकडे कुठे दिसल्याचं मंडळात कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच रात्री ती आणि सर मिळून मोजणार होते. थंडी कडाक्याची. सर आलेच नाहीत. ती एकटी बसली, रात्री एकपर्यंत. खोकत. लाल दोऱ्याला सतरा गाठी पडल्या. सकाळी दोरा घेऊन नाचत सरांच्या दारात.

आणि वहीत काय? शून्य.

आदल्या रात्रीच लिहून मोकळे. पांघरुणात बसून! ती म्हणाली, "सर, सतरा होते." तर म्हणतात, "बाई, दोऱ्याला गाठी कुणीही मारेल. वही ती वही." खरं काय, ते खोडायचं तर 'मी गेलोच नव्हतो' हे त्यांना सांगावं लागलं असतं.

माझं अंग अजून तापतं सांगताना.

कारण पुढे काय झालं? टेकडी खोदायची की नाही हे ठरवायला कचेरीतले लोक आले. वही मागितली. दुर्मीळ काही आहे का? शून्य. मग काय, आली मशीनं. ही समोर जाऊन उभी राहिली, हातात लाल दोरा. मशीनवाला वरून म्हणतो, "आजी, सुई घरी राहिली वाटतं!" सगळे खो खो हसले. सरही तिथेच होते. हसले नाहीत, पण बोलले का? नाही. बूट बघत उभे.

अर्धी टेकडी गेली. टेलरबाई मार्चमध्ये गेली. दम्यानं गेली, उगाच टेकडीच्या नावावर घालणार नाही मी. पण शेवटच्या रात्री माझं मनगट धरून म्हणाली, "सतरा होते गं." पाणी मागितलं नाही, मुलीचं नाव घेतलं नाही. सतरा होते गं. मी तो लाल दोरा तिच्या मुठीत ठेवला आणि तसंच तिला सरणापर्यंत पोचवलं. माझ्या हातानं. तिची लेक शेजारी होती, विचारा तिला.

उरलेली अर्धी टेकडी जानेवारीत खोदणार होते. मी सरांकडे गेले. "खोडा ते शून्य." म्हणतात, "पंचवीस वर्षांची वही आहे, बाई. एक खाडाखोड नाही." वर कौतुकानं पानावरून हात फिरवला.

मला असा संताप आला... म्हटलं, थांब मास्तरा. तुला सरळ भाषा कळत नाही ना? तुला भूत दाखवते.

हो. ठरवलं होतं मी. लपवत नाही. तोंडाला पावडर थापली, केस सोडले, लेकीचा पांढरा गाऊन चढवला. चादरीच्या मागे जाऊन उभं राहायचं, सावली पाडायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचं, सतरा होते. बस. सून म्हणाली, "आई, या वयात?" म्हटलं, याच वयात, पुढे मेकअप लागणार नाही.

सव्वादहाला निघाले. आणि खाली त्या मोरीवर, तुम्ही सायकली लावल्यात ना, तिथे माझा पाय मुरगळला. असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे. बसले कठड्यावर. पाऊल टाकता येईना. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. वर टेकडीवर चादर दिसत होती, पोस्टाच्या पाकिटाएवढी. उजळलेली. स्वतःला शिव्या घालत बसले होते.

मग सरांचा आवाज आला.

कुणाशी तरी बोलत होते. शब्द कळत नव्हते. आधी दरडावल्यासारखे. मास्तर वर्गात दरडावतो तसे.

मग हळू.

मग बंद.

वारा नव्हता. एक कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

मग पळण्याचा आवाज. उतारावरून. दगड घरंगळले. हातात दिवा नाही. सर माझ्यासमोर येऊन थांबले... आणि मी ही अशी, पावडर, केस, गाऊन.

घाबरले नाहीत. पोरांनो, घाबरले नाहीत माझ्याकडे बघून. ओळखलं लगेच. मग म्हणाले,

"बाई, तुम्ही इथे? मग तिथे कोण आहे?"

...

माझ्या शेजारी कठड्यावर बसले. तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. मी ऐकलं तसं सांगते.

दहापर्यंत चादर कोरी. मग पतंग यायला लागले. खूप. पंचवीस वर्षांत इतके नाही. सगळी चादर भरली. बोट टेकवायला जागा नाही. फक्त मधे बसत नव्हते.

मधे जागा मोकळी राहिली.

आधी वाटलं, डाग असेल. मग त्या जागेला डोकं आलं. खांदे आले. एक खांदा उतरलेला.

सरांना वाटलं, मी. म्हणून दरडावले, "बाई, पुरे झाला चावटपणा, बाहेर या." चादरीच्या मागे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पुढे आले. जागा तशीच. पतंग हलत होते, जागा नाही. मग एकच पतंग उडून आला. त्या मोकळ्या जागेत बसला. छातीपाशी. राखाडी.

सरांनी वही उघडली. सवय. आकडा लिहायला.

पंख उघडले त्यानं. दोन लाल डोळे.

आणि ती जागा... मोठी झाली. माणूस जवळ आलं की मोठं दिसतं ना, तशी.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, "काही बोलली?" मान हलवली. नाही. "मग?" तर म्हणाले, "मी लिहितो. सकाळीच लिहितो." माझ्याशी नाही बोलले ते. टेकडीकडे बघून म्हणाले.

आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत वही नेली, सगळ्यांसमोर शून्य खोडलं. खाली लिहिलं: त्या रात्री मी गेलो नव्हतो. टेलरबाईंनी मोजले ते सतरा. खाली सही. साहेबांनी फोटो काढून नेला. त्याच कागदावर ही उरलेली अर्धी टेकडी थांबली. तुम्ही बसलाय ती. सरांनी वही तिथेच टेबलावर सोडली. परत हातात धरली नाही. आता तुम्ही पोरं धरता.

मी म्हटलं, चला, झालं बाई तुझ्या मनासारखं. आता शांत हो.

पाय बांधून सकाळी मी चादर काढायला आले, लेकीच्या खांद्यावर हात टाकून. चादर धुवायची माझ्याकडेच ना. पतंगांच्या पंखांची भुकटी सगळीकडे बसली होती, राखाडी. मधे पांढरी स्वच्छ जागा. मी तिच्याशी पाठ लावून उभी राहिले. माझ्या कानाइतकी. बुटकी.

भुकटी धुतली. एका पाण्यात निघाली. इस्त्रीला घेतली, तर खालच्या दुमडीत टोकाला काहीतरी टोचलं. उलगडून बघते तर लाल दोरा. आत शिवलेला. बारीक टाका. तिचा टाका मी हजारात ओळखेन.

आदल्याच दिवशी मी ही चादर इस्त्री करून दिली होती. दुमडीवरून तीनदा इस्त्री फिरवली होती. तेव्हा काही नव्हतं. आणि तो दोरा मी तिच्या मुठीत... सांगितलं ना मघाशी.

ए, मागे का सरकता? बसा. कडेची ती दुमड, डाव्या हाताची. हात लावून बघा हवं तर. माझी चेष्टा म्हणाल, तर मी उजव्या हाताची आहे. उलटा पीळ मला आजन्म जमला नाही. सात वेळा धुतली, सोडवायला गेले, नख तुटलं. एकही गाठ सुटत नाही. शांत झालेल्या माणसाच्या गाठी इतक्या आवळलेल्या नसतात.

मोज गं चष्मेवाली. बोटानं मोज, हळू.

सतरा?

पुढे सरक. टोकाला अजून एक आहे. ती नवी आहे, त्या रात्रीची.