धुरपताबाईंची ओवी

"ही ओवी माझी हाय, अन् देवळात बाया मलाच चोर म्हणायल्यात," धुरपताबाई म्हणाल्या.

परभणीतल्या खाजगी तपासनीस श्रीनिधी पाठक यांच्या ऑफिसात त्या वालूरहून आल्या होत्या. सोबत शेजारची निकिता. श्रीनिधीचे सहायक, कोर्टातले निवृत्त कारकून व्यंकटराव, ऐकता ऐकताच तापले.

ओवी बाईंनी गेलेल्या लेकीसाठी रचली होती: 'लेक बोलती अंगणी, सोनं झडतं उन्हात.' महिन्याभरापूर्वी तीच ओवी पेटीच्या सुरांवर इंटरनेटवर आली. खाली नाव, 'शब्द: रानवेल'. लाखो लोकांनी ऐकली. मग देवळात बाई गायला बसल्या, तर कुणीतरी म्हणालं, मोबाईलमधलं गाणं आपलं म्हणून सांगायलीय म्हातारी.

चहा आला. बाईंनी कवळी काढून हातात धरली. संक्रांतीला लेकानं बसवून दिलेली, अजून टोचत होती. पण ती घातल्याशिवाय त्या आता गात नसत.

"हाखर नको," त्या पुटपुटल्या. व्यंकटरावांना कळलं नाही. त्यांनी चमचाभर साखर घातली.

बाईंचा आवाज तिघांनीच रेकॉर्ड केला होता. निकितानं होळीला. तिनं लगेच ऐकवलं. दुसरी मानवतची प्रियांका, बायकांची गाणी नावानिशी इंटरनेटवर टाकणारी. तिनं चैत्रात घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि उलट विचारलं, मला नाव लपवायचं असतं तर इतरांची कशाला दिली असती?

तिसरे आदिनाथ सर, लोकसाहित्याचे प्राध्यापक. दसऱ्याला रेकॉर्ड केलं होतं, पण फोन पाण्यात पडला, सगळं गेलं, असं ते म्हणाले. रानवेलचं मात्र त्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

"'होन झडती उन्हात!' होन म्हणजे जुनं सोन्याचं नाणं. असा शब्द अभ्यासाशिवाय सुचत नाही."

सरांकडून बाहेर पडल्यावर व्यंकटराव म्हणाले, "रानवेलचा शब्दच वेगळा आहे, मॅडम. दुसऱ्या कुणी रचली असेल."

दुसऱ्या दिवशी श्रीनिधीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"रानवेल तुम्हीच आहात, सर," ती म्हणाली.

आदिनाथ हसले. पुरावा?

"तुमचा होन. निकिता आणि प्रियांकाच्या फोनमध्ये 'सोनं' स्पष्ट ऐकू येतं, कारण तेव्हा बाईंना कवळी बसली होती. तुम्ही दसऱ्याला गेलात, तेव्हा बाईंच्या तोंडात दात नव्हते. कवळी काढली की बाईंच्या तोंडी साखरेची हाखर होते. तसंच सोन्याचं होनं झालं. तुम्हाला तो होन वाटला, आणि त्यावर तुम्ही अभ्यासही केलात. ही चूक तुमच्याच रेकॉर्डिंगमधून येऊ शकते."

आदिनाथांचं हसू मावळलं. मग म्हणाले, लोकगीताला मालक नसतो.

व्यंकटरावांनी टेबलावर हात आपटला. "मग रानवेल कुठून उगवली? तिथं मालकाचं नाव टाकताना लाज वाटली नाही?"

"आणि हे लोकगीतही नाही," श्रीनिधी शांतपणे म्हणाली. "रचणारी समोर बसलीय. हक्क तिचा. नाव बदला, नाहीतर उद्या आपण वकिलाकडे भेटू."

आदिनाथांनी तिथंच फोन काढून नाव बदललं. मग ते बाईंच्या पायाशी वाकले. बाईंनी पाय मागं घेतले.

"पाया पडू नका. माझ्या मेलेल्या लेकीचं बोलणं तुमी इकडंतिकडं मिरवलं, अन् मी चोर ठरले. जिथं ठरले तिथं चला."

वालूरच्या देवळात दुपारी बाया जमल्या होत्या. आदिनाथ खांबाशी उभे राहिले, मान खाली घालून म्हणाले, ओवी धुरपताबाईंची आहे, मी चोरली.

बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा सांगा. मोठ्यानं."