आमचा आज, तुमचा उद्या

पागो पागोच्या आपेलुने गुरुवारी सकाळी आपल्या आजीसाठी नारळाच्या दुधातले पाव मागवले, आणि आपियातल्या लीतियाच्या बेकरीने ती ऑर्डर चक्क नाकारली.

बेकरीतला फोन खणखणला. काउंटरमागे लीतियाची भाची मेना बसली होती. कॉम्प्युटर शिकून आलेली, बेकरीची वेबसाइटही तिनेच बनवलेली.

"तुमचं दुकान माझ्याशी भांडतंय," पलीकडून आवाज आला. जाडसर, पण हसरा.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, उद्याची किंवा त्यापुढची तारीख टाका. अहो, मी उद्याचीच टाकलीय. शुक्रवारची!"

"शुक्रवार आज आहे."

"कुठे?"

"इथे. आपियात. तुम्ही पागोहून बोलताय ना?"

"हो."

"मग तुम्ही अजून कालच्या दिवसातच बसलायत."

पलीकडून असा हसण्याचा आवाज आला, की मेनाच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

आपिया एका बेटावर, पागो दुसऱ्या; मध्ये छोट्या विमानाने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. पण मधल्या समुद्रातून तारखेची रेघ गेलेली. घड्याळं दोन्हीकडे तेच वाजवतात, वार तेवढा पागोत एक दिवस मागे. आणि बेकरीत पीठ आदल्या संध्याकाळी भिजतं, त्यामुळे आजच्या आज पाव मिळत नाहीत. गिऱ्हाइकं थोडीच ऐकतात! म्हणून मेनाने ऑर्डरच्या फॉर्मलाच एक तपासणी शिकवून ठेवली होती: आपियाच्या घड्याळाने तारीख निदान उद्याची नसेल, तर ऑर्डर पुढे सरकू द्यायची नाही.

"मग आम्ही कालच्या माणसांनी आजीला खाऊ पाठवायचाच नाही का?" आपेलुने विचारलं.

"शनिवारची तारीख टाका. पोचतील पाव."

"थँक्यू. आणि... एक सांगा ना. तुम्ही एक दिवस पुढे आहात. उद्या कसा आहे?"

मेनाने खिडकीबाहेर पाहिलं. "ऊन पडलंय. चांगला आहे."

"बघू, इथे पोचेपर्यंत टिकतो का," तो म्हणाला. त्याच्या मागे पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता.

पुढच्या आठवड्यात त्याने तीच चूक केली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

"बंदराच्या कचेरीत नोकरी करता म्हणे," मेना म्हणाली. "जहाजांच्या तारखा पण अशाच लिहिता?"

"जहाजं माझ्याशी इतकं गोड बोलत नाहीत."

"मी कुठे गोड बोलले?"

"भांडताना बोलता."

आठवड्यागणिक फोन लांबत गेला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. शेवटी ठरलेला प्रश्न यायचा—उद्या कसा आहे? मेना सांगायची, आज चर्चच्या गायनाची तालीम आहे, आज आत्याचा पारा चढलाय, आज आंबे आलेत. तो म्हणायचा, "मग माझा उद्या छानच जाणार." शुक्रवार उजाडला की मेना कानात मोठे डूल घालायची. फोनवर बोलायला डूल! आत्याच्या नजरेतून हे सुटणार थोडंच?

पण पागोचं गिऱ्हाईक तो एकटाच नव्हता. पागोची माणसं आपल्या आपियातल्या नातेवाइकांसाठी काय काय मागवायची, आणि फॉर्मने अडवलं की फोन करून डोकं उठवायची.

"माझे हात पिठात आणि हा फोन बोंबलतोय!" लीतिया कडाडली. "मेना, ते तुझं यंत्र सरळ कर!"

मेनाने केलं. अगदी मन लावून केलं. फोन नंबर पागोचा असेल आणि तारीख चुकली, तर फॉर्म आपणच समजावून सांगणार: 'आमचा आज म्हणजे तुमचा उद्या. कृपया एक दिवस पुढची तारीख निवडा.' तिने चारदा चुकीच्या तारखा टाकून पाहिल्या, चारही वेळा फॉर्मने बरोबर पकडल्या. मेना स्वतःवरच खूश झाली.

शुक्रवारी आपेलुची ऑर्डर आली. शनिवारची तारीख, नाव, पत्ता, सगळं बिनचूक.

फोन वाजला नाही.

तेव्हा कुठे त्या शहाण्या पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण आपल्याच हाताने काय बंद करून ठेवलंय.

तिने वाट पाहिली. पुढचा शुक्रवार आला, डूल घातले, काढले. नंबर तर समोरच होता... पण काय म्हणून करायचा? 'तुमची ऑर्डर बरोबर आहे' हे सांगायला कोण फोन करतं! त्याला फक्त पावच हवे होते, तिने स्वतःला बजावलं. आणि मग ऑर्डरी टिपताना डोळे उगाच भरून यायचे. कुठे पत्र्यावर पाऊस वाजला की काळीज हलायचं.

एका शनिवारी सकाळी राहवलं नाही. "आज वायतेलेचे पाव मी देऊन येते," ती आत्याला म्हणाली. वायतेलेला आपेलुची आजी राहायची. निदान त्याची काही खबर तरी कळेल.

आजीने दारातच पाव फोडून तोंडात टाकला. "आता पुढच्या आठवड्यापासून कोण पाठवतंय मला! आपेलु होनोलुलुला चाललाय. तिथल्या बंदरात नोकरी लागलीय, दोन वर्षांची."

"कधी?" मेनाने विचारलं.

"शुक्रवारी संध्याकाळचं विमान आहे."

शुक्रवारी! म्हणजे काल. गेला. एक शब्दही न बोलता गेला. मेना पायरीवर मटकन बसली.

"अगं, तुला काय झालं?" आजी म्हणाली. "आत्ता बॅग भरत असेल मेला. सगळं शेवटच्या घटकेला, लहानपणापासूनच तसला!"

"आत्ता?"

"मग? तिकडे आज शुक्रवार नाही का?"

जिने सगळ्या पागोला वार शिकवला, तीच नेमकी विसरली होती! मेना उठली आणि धावत सुटली.

बेकरीत पोचताच "आपेलु चाललाय, आज!" एवढंच ती म्हणाली, आणि लीतियाने तिचं तोंड पाहिलं. रंगीत कागदातल्या गोड गोळ्या ओवलेला निरोपाचा हार खुंटीवरून काढून तिच्या हातात कोंबला. "जा. आणि नुसती रडून येऊ नकोस, बोलून ये."

मेनाचा जन्म पागोतला, त्यामुळे परवान्याची कटकट नव्हती. छोट्या विमानाचा नियम म्हणून विमानतळावर तिला सामानासकट काट्यावर उभं करून वजन केलं. विमान शनिवारी दुपारी उडालं आणि शुक्रवारी दुपारी उतरलं.

पागोत पाऊस कोसळत होता. होनोलुलुच्या रांगेपाशी हीऽऽ गर्दी, गळ्यात हार, गाणी, रडारड. आणि मेनाने त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं! तिने फोन लावला. खांबाजवळच्या एका उंच, भिजलेल्या माणसाने खिशातून फोन काढला, आपियाचा नंबर पाहिला आणि जागीच थबकला.

"मेना?"

"हं."

"उद्या... उद्या कसा आहे?"

"भयंकर आहे," ती म्हणाली. "उद्या तू गेलेला आहेस. म्हणून आज आले."

तो वळला. ती समोरच उभी होती, हातात गोळ्यांचा हार, कानात डूल.

"फोन करायचं का बंद केलंस?" तिने विचारलं.

"तूच तर चुकायला जागा ठेवली नाहीस! मला वाटलं, माझा कंटाळा आला तुला."

"म्हणजे तू मुद्दाम...?"

"मी आजीच्या घरात वाढलोय, मेना. तिकडे कुठला वार असतो ते मला कळत नसेल?"

"मूर्ख!" ती रडत रडत हसली आणि हार त्याच्या गळ्यात घातला. "मला तू आवडतोस. खूप आवडतोस. आता जा कुठे जायचं ते."

त्याने तिचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला कधीपासून आवडतेस, माहितीय? 'कालच्या दिवसातच बसलायत' म्हणालीस ना, तेव्हापासून. दोन वर्षं थांबशील?"

"थांबेन. पण रोज विचारायचं, उद्या कसा आहे."

त्याच्या विमानाची हाक झाली. तो गेला, आणि गोळ्यांचा हार गर्दीत दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

फोन आता रोज यायचा, त्याला निमित्त लागत नव्हतं. तरीही एका सकाळी बेकरीचा फोन खणखणला. लीतियाने पिठाच्या हाताने उचलला, ऐकलं, आणि कपाळावर आठ्या आणून मेनाकडे दिला.

"होनोलुलुचा कोणीतरी येडा आहे. त्याचा उद्या आपलं दुकान घेत नाही म्हणतोय. मेना, तू ते फक्त पागोच्याच नंबरांना शिकवलंयस का? होनोलुलुचं पण घाल की!"

"घालते ना आत्या," मेना म्हणाली, "सावकाश," आणि फोन कानाला लावून खिडकीशी जाऊन बसली.