मागे ऐकू येतंय का?

खरी गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण वाचून झाल्यावर ‘काहीही फेकतो’ असं खाली लिहू नका. जिच्यावर हा प्रसंग गुदरला ती माझ्या बायकोची मामेबहीण. अजून धडधाकट आहे आणि राग सदा नाकावर. मी एक शब्द जरी इकडचा तिकडे केला तर घरी येऊन कान उपटेल माझे.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला रात्र लागते. माफ करा, माझ्याकडे रात्र नाही. हे भर सकाळी घडलं. लख्ख ऊन, गच्च भरलेलं चर्च, पुढे शवपेटी.

आणि पेटीत तिचे बाबा.

घरात ती सगळ्यात लहान. आपण तिला धाकटीच म्हणू.

बाबा माइकवाले होते. सभा असो, लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, चार माणसांपुढे कुणाला तोंड उघडायचं असेल तर आधी बाबांचं दार गाठावं लागायचं. त्या चर्चमधले माइक, खांबांवरचे स्पीकर, सगळ्या वायरी त्यांनीच जोडलेल्या.

माइकवर टकटक करणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. ‘‘ते काय दार आहे का ठोठावायला?’’ म्हणून खेकसायचे. स्वतः फक्त एक हलकी फुंकर मारायचे आणि विचारायचे,

‘‘हॅलो... मागे ऐकू येतंय का?’’

शेवटच्या रांगेत फ्रॉक घातलेली धाकटी उभी असायची. ती हात वर करायची.

‘‘हं. मागे पोचतंय,’’ बाबा म्हणायचे. मगच कार्यक्रम सुरू. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे ‘येतंय, येतंय’ म्हणाले तरी हा माणूस ढिम्म. ‘‘पुढच्यांचं काय घेऊन बसलात? पुढच्यांना माझं पोट गुरगुरलेलंही ऐकू येतं.’’

अशा माणसाचा आवाजच गेला.

घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक पडलं आणि श्वास तिथून सुरू झाला. श्वास घेताना बारीक, ओला आवाज यायचा... फस्स्... खर्र्...

तीन वर्षं तो आवाज धाकटीच्या घरात होता. आईबाबा तिच्याकडेच राहायचे. बाबा नुसते ओठ हलवायचे आणि ती ओठांवरून ओळखायची. पाणी. पंखा. उशी. कधीकधी एखादा विनोद. तो तर पहिल्या झटक्यात कळायचा, कारण विनोद जुनाच असायचा.

आणि दादा?

दादा लांबच्या शहरात. लोकांना चारचौघांत बोलायला शिकवण्याचे वर्ग घ्यायचा. फोटोत कायम हातात माइक. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण दुकान जोरात चाललं होतं.

बाबा त्याला फोन लावायचे. स्वतः. धाकटी म्हणायची, ‘‘द्या, मी सांगते त्याला.’’ तर हाताने ‘थांब’ म्हणायचे. फोन तोंडाशी धरून ओठ हलवत राहायचे. फोनमधून नुसती हवा जायची... फस्स्... खर्र्...

पलीकडून दादा म्हणायचा,

‘‘काही ऐकू येत नाहीये. नंतर करतो.’’

टक्. फोन बंद.

त्याला माहीत होतं हो! बापाचा गळा कापलाय हे काय त्याला माहीत नव्हतं? धाकटीने किती वेळा सांगितलं, ‘‘अरे, त्यांना बोलता येत नाही, तू बोल ना. काय खाल्लंस, कुठे गेलास, काहीही सांग. ते ऐकतील.’’ ‘‘हो गं, करतो,’’ म्हणायचा. तो ‘नंतर’ कधी आलाच नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांचा हात फोनवर होता.

आता तुम्हीच सांगा, बाई चिडणार नाही तर काय करणार?

तर त्या सकाळी माइक लावायला वायरकाका आले होते. बाबांचे जुने भागीदार. डोळे पुसत पुसत वायरी जोडल्या, फुंकर मारली आणि सवयीने मागे बघितलं.

शेवटच्या बाकावर कुणीच नव्हतं.

‘‘पोरी, जरा मागे जाऊन बघतेस?’’ काकांनी विचारलं.

धाकटी उठणार तेवढ्यात दादा म्हणाला, ‘‘काका, तपासणी राहू द्या. उशीर होतोय. घरच्यांनी पुढे बसायचं असतं, बरं दिसत नाही.’’

‘‘अरे, पण मागचं बघितल्याशिवाय...’’

‘‘राहू द्या म्हटलं ना!’’

धाकटी दातओठ खात आईशेजारी बसली.

प्रार्थना झाली. गीत झालं. पाळकसाहेब बाबांबद्दल दोन शब्द मनापासून बोलले. मग दादा उठला. काळा कोट, हातात रुमाल, आवाज खर्जातला.

‘‘माझे बाबा...’’ म्हणून थांबला. त्याला थांबायचं कुठे ते चांगलं कळायचं. ‘‘बाबांचा आवाज गेला, पण आमचं बोलणं कधीच थांबलं नाही. मी कितीही कामात असलो तरी रोज फोनवर...’’

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज? रोज काय रे? जिवंतपणी कान द्यायला वेळ नव्हता, आणि मेल्यावर सगळ्यांना माइक हवा!

ती उठायलाच निघाली होती.

तेवढ्यात...

फस्स्... खर्र्...

स्पीकरमधून.

धाकटी जागच्या जागी थिजली. आईने तिचं मनगट घट्ट धरलं. त्या सगळ्या गर्दीत हा आवाज काय आहे हे आधी त्या दोघींनाच कळलं.

दादाने माइकवर टकटक केलं. बोलायला लागला. ओठ हलत होते... पण स्पीकरमधून एक अक्षर येईना.

फक्त श्वास.

फस्स्... खर्र्...

वायरकाका धावत पुढे गेले आणि त्यांनी माइकची वायर ओढून काढली. टोक हातात धरून उभे राहिले. सगळ्यांना दिसत होतं, वायर मोकळी लोंबत होती.

श्वास चालूच.

मग कुणीतरी हलकी फुंकर मारली...

‘‘हॅलो... मागे ऐकू येतंय का?’’

बाबांचा आवाज. तीन वर्षांपूर्वीचा, धडधडीत, भरदार.

एक बाई किंचाळली. लोकांनी वळून वळून स्पीकरकडे बघितलं. काकांच्या हातातली वायर गळून पडली. ‘‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,’’ ते पुटपुटले. ‘‘याची तर मेल्यावरही गेली नाही.’’

दादा मात्र लालबुंद झाला होता. त्याने सरळ धाकटीकडे बोट दाखवलं.

‘‘तू लावलंस ना हे? जुनं रेकॉर्डिंग! बाबांच्या अंत्यविधीला तमाशा करतेस? लाज नाही वाटत?’’

‘‘लाज? मला?’’ धाकटी ताडकन उठली. ‘‘लाज कुणाला वाटायला हवी ते आधी आरशात बघून ये!’’

‘‘खाली बस!’’

‘‘नाही बसत. ते मागच्यांना विचारतायत. तुला नाही.’’

आणि ती चालायला लागली. दोन्ही बाजूंनी माणसं, मधून ती. पाठीमागून दादाचं ओरडणं आणि वरून बाबांचा आवाज. न चिडता, न थकता, कार्यक्रमाआधी विचारायचे तसाच...

‘‘मागे ऐकू येतंय का?’’

ती शेवटच्या बाकाशी पोचली. वळली. तिथून पेटी खूप लहान दिसत होती.

तिने हात वर केला.

सगळं चर्च चिडीचूप झालं.

‘‘हं...’’ आवाज आला. ‘‘मागे पोचतंय.’’

तिला रडू फुटलं. तीन वर्षांत ती रडली नव्हती, त्या सकाळीही नाही. आता हात तसाच वर धरून हमसून हमसून रडायला लागली.

पुढे दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. हे रेकॉर्डिंग नाही हे त्यालाही कळलं असावं, कारण रेकॉर्डिंग समोरचा हात बघून उत्तर देत नाही. त्याने तो वायर काढलेला माइक दोन्ही हातांनी धरला.

‘‘बाबा?’’ त्याचा आवाज चिरकला. ‘‘बाबा, मी बोलतोय.’’

त्याने माइक ओठांना टेकवला.

‘‘बाबा, मी... मी दादा. येतंय का ऐकू?’’

फस्स्... खर्र्...

मग बाबांचा तोच भरदार आवाज, पण जरा घाईत. दुसरीकडे लक्ष असलेल्या माणसासारखा.

‘‘काही ऐकू येत नाहीये. नंतर करतो.’’

टक्.

बाकीच्यांना त्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. पण दादा मटकन खाली बसला.

पाळकसाहेब धीराचा माणूस. त्यांनी उरलेला विधी माइकशिवाय पार पाडला. दफन नीट झालं. परत जाताना लोकांनी आपापली समजूत घालून घेतली. कुणी म्हणालं रेडिओ घुसला असेल, कुणी म्हणालं बिघाड. वायरकाकांनी मात्र ती वायर परत वापरली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

मातीवर फुलं ठेवताना दादाचा घसा बसला होता. सगळ्यांना वाटलं, रडून बसला असेल. पण तो सुटेचना. आठवडे गेले. आवाज घोगरा झाला, मग कुजबुज, मग नुसती हवा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. घशात काहीही नाही. वर्ग बंद पडले.

आईने हे सांगितलं तेव्हा धाकटी भाजी चिरत होती.

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली.

‘‘जीभ आवर,’’ आई कडाडली. ‘‘तोही माझ्याच पोटचा आहे.’’

‘‘आणि मी कुठून आले, कचराकुंडीतून?’’ धाकटीने सुरी आपटली. भाजी त्या दिवशी कुणी खाल्ली नाही.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. दादा.

ती इस्त्री करत होती. एका हाताने फोन कानाला लावला.

‘‘हं, बोल.’’

पलीकडे नुसती हवा... फस्स्... मधेच तुटके शब्द... ‘‘फोन... फोन येतो... बा...’’

‘‘काय? मोठ्याने बोल ना.’’

‘‘बा... बां...चा...’’

इस्त्रीखाली कपडा करपायला लागला होता. डोक्यात राग होताच. तोंडून निघून गेलं,

‘‘काही ऐकू येत नाहीये. नंतर करते.’’

टक्.

इस्त्री उभी केली. मग तिला कळलं आपण काय बोललो ते.

आणि तो काय सांगत होता, तेही कळलं.

तिने लगेच फोन लावला. ‘ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.’ पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर. संध्याकाळ झाली तरी दुसऱ्या कॉलवर.

शेवटी वहिनीच्या फोनवर विचारलं.

‘‘दुपारची जेवणं झाली की रोज असंच,’’ वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. ‘‘फोन कानाला लावून बसतात. बोलत नाहीत. नुसते ऐकतात. मधेच मान डोलावतात. कुणाचा फोन म्हणून विचारलं तर पाठ फिरवतात. काल... काल हसले हो.’’

धाकटीने कपाट उघडलं. बाबांचा फोन तिने कपड्यांखाली ठेवला होता. बंद करून, त्यातलं सिमकार्डही काढून. ते गेल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

तिने तो उचलला...

गरम होता.

खूप वेळ बोलल्यावर होतो ना, तसा.

भीती? भीती नंतर वाटली. आधी वाटला तो संताप. तीन वर्षं कान मी लावला. ओठ मी वाचले. गळ्याचं भोक मी पुसलं. आणि बोलायला दादा? याला ना आवाज, त्यांना ना आवाज, मग रोज एवढा वेळ दोघं बोलतात तरी काय?

तिने बंद फोन तोंडाशी धरला आणि घर दणाणेल अशी ओरडली,

‘‘बाबा! मागे काहीच ऐकू येत नाहीये!’’

आई झोपेतून दचकून उठली.

या गोष्टीला बरेच महिने झाले. परवा आम्ही तिच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली. सगळे गप्पा मारत होते आणि ही मधेच उठली, कपाटाजवळ गेली, दाराआड हात घालून काहीतरी चाचपलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवून ‘विचारू नकोस’ म्हटलं.

मी विचारलं नाही. पण निघताना, चपला घालायच्या निमित्ताने, मीही कपाटाशी थांबलो आणि कपड्यांखाली हात घातला.

गरम होता.